आधीच लिहून ठेवलेलं ‘होय’

“सिस्टमनं केलं” हे वाक्य आमच्या कचेरीत पहिल्यांदा कोण बोललं ते मला आठवत नाही. मी ते पुष्कळदा ऐकलं आणि गप्प बसलो, एवढं आठवतं. आता कुणी माझ्यासमोर तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं. कारण ती सिस्टम मी लिहिली आहे. डिचोलीच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून, माझ्या या दोन हातांनी.

आम्ही वेबसाइट बनवतो. हरमल, मोरजी या पट्ट्यात पर्यटकांना खोल्या देणारी घरं आहेत, त्यांच्या. घरवाले नवे फोटो पाठवतात. ते लहान करायचे, म्हणजे फोनवर चटकन उघडतील. मजकूर जागच्या जागी बसवायचा, विखुरलेल्या फायली एकत्र करायच्या आणि सगळं सर्व्हरवर चढवायचं. आमच्या धंद्यात याला बिल्ड म्हणतात. कित्येक वर्षं हे काम हातानं चालायचं आणि एक बाई ते करायच्या. नार्व्याहून बसनं यायच्या. सगळी गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणत.

त्यांची एक पद्धत होती. सगळं तयार झालं, फक्त चढवायचं राहिलं, की त्या त्या घरी फोन लावायच्या. “वैनी, माडीवरच्या खोलीचे फोटो बसवलेत. घालूं?” पलीकडून “घाल गो” आलं की मगच बटण दाबायच्या. कधी तो फोन लांबायचा. बांगडा कसा मिळाला, कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे. मालक आपल्या केबिनमधून घड्याळाकडे बघायचा. पण आमच्याकडे देवळाचा पत्रा बदलायचा तरी आधी देवाला कौल लावतात, मग लोकांच्या घराचं दार जगाला उघडताना विचारायचं नाही तर कधी विचारायचं? बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना दुसरं काही सुचलंच नसतं.

मला मात्र सुचलं. मी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक घराला एक फोल्डर होताच. घरवाल्यांनी त्यात काही टाकलं की स्क्रिप्ट ते उचलणार, फोटो कापणार, फायली दाबणार आणि रोज सकाळी साइट नव्यानं बांधून चढवणार. चढवण्याआधी ती थांबायची आणि पडद्यावर विचारायची, पुढे जाऊ का? ही ओळ मीच ठेवली होती. बाई यायच्या, फोन करायच्या आणि ‘होय’ लिहायच्या. असं काही दिवस चाललं.

मग एकदा बस चुकली, एकदा बाईंच्या घरात आजारपण झालं, आणि सगळ्या साइट त्या प्रश्नापाशी अडकून राहिल्या. मालक माझ्या टेबलाशी आला. “अहो, आपोआप होणाऱ्या कामात हा प्रश्न कशाला?” त्याला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर बाजूच्या टेबलावर बसत होतं. मी दिलं नाही. मी त्या ओळीत एक शब्द वाढवला. आता प्रश्न विचारला जाण्याआधीच त्याचं उत्तर ‘होय’ असं लिहिलेलं होतं. मालकानं सगळ्यांना भाजी-पाव मागवला. मीही खाल्ला.

बाईंना कोपऱ्यातलं टेबल मिळालं. नवी गिऱ्हाइकं शोधायला फोन करायचे, गणपतीच्या चवथीपर्यंत बघू, मग बघू, असं मालकाचं सांगणं. सामान हलवताना त्यांनी मला विचारलं, “मग आता विचारणार कोण?”

मी म्हणालो, “विचारायची गरजच नाही हो. सगळं आपोआप होतं.”

हे वाक्य मी अगदी कौतुकानं बोललो होतो. 

हरमलच्या एका घराची साइट आमच्याकडे पहिल्यापासून आहे. खाली कुटुंब, वर खोल्या, पुढे बल्कांव, म्हणजे बसायची ओसरी. घरधनी थोड्या आजाराचं निमित्त होऊन वारले. आम्हाला कचेरीत पत्ता नाही, कारण फोन करणारं माणूस आम्ही कोपऱ्यात बसवलं होतं. त्यांच्या लेकीला बाराव्या दिवसासाठी वडिलांचा फोटो मोठा करून हवा होता. तिनं हार घातलेला फोटो आमच्या फोल्डरमध्ये टाकला. तिचं काहीच चुकलं नाही. पूजेची आमंत्रणं असोत, तिच्या लग्नातले फोटो असोत, त्या घरानं वर्षानुवर्षं सगळं तिथंच टाकलं होतं. टाकलं की ताईंचा फोन यायचा आणि ताई ते नीट करून द्यायच्या. आमच्या लेखी तो सर्व्हरवरचा फोल्डर होता, त्यांच्या लेखी ते ताईंचं टेबल होतं.

फोल्डरमध्ये एकट्या माणसाचा चेहरा आला की तो यजमानांचा धरायचा, असं मीच लिहिलं होतं. स्क्रिप्टला यजमानांचा नवा फोटो दिसला. तिनं तो गोल कापला, अर्धा हार आत राहिला, आणि साइटच्या अगदी वर चढवला. खालची ओळ मी कधीची लिहून ठेवली होती. ‘तुमचे यजमान तुमची वाट पाहत आहेत.’

गावात ते कुणीतरी पाहिलं आणि पुढे पाठवलं. या फोनवरून त्या फोनवर गेलं. समाचाराला आलेल्या एका नातेवाइकानं त्या घरात बसून ते दाखवलं. कुणाला तरी हसू आवरलं नाही. मग वैनींनी, म्हणजे घरधन्यांच्या बायकोनं, विचारलं, काय बघताय, मलाही दाखवा.

त्यांचा फोन कचेरीत आला नाही. बाईंच्या मोबाइलवर आला. बाई नेहमीसारखं “वैनी” म्हणाल्या, पुढचं ऐकलं. मग माझ्या टेबलाशी आल्या.

“तुका आमी घरची समजलेलों, असं म्हणाल्या मला. ठेवला फोन.” मग म्हणाल्या, “काढा ते.”

मी त्याच क्षणी काढलं. आमच्या सर्व्हरवरून गेलं. लोकांच्या फोनवरून ते मी कसं काढणार होतो?

मालकानं पहिला प्रश्न केला, “बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं नव्हतं?” सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, ती ओळ माझी आहे, ‘होय’ मी लिहिलंय. त्यावर त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

“म्हणजे कुणाचीच चूक नाही. सिस्टमनं केलं. तुम्ही उगाच मनाला लावून घेता.”

आणि मग, चहाचा कप उचलता उचलता, त्यानं पुढचं सांगितलं. गिऱ्हाईक बाईंवरच रागावलंय तर तसंच राहू दे. संबंधित कर्मचाऱ्याला काढलं, असं कळवून टाकू. “नाहीतरी त्या जायच्याच आहेत. जाताना हेही घेऊन गेल्या तर काय बिघडलं?”

मी आजवर या माणसाच्या पुष्कळ गोष्टींना मान डोलावली होती. त्या दिवशी डोलावली नाही. बाईंकडे त्या घरात होतं काय? एक नाव. लोकांनी ‘घाल गो’ म्हणावं एवढा विश्वास. काम आम्ही आधीच काढून घेतलं होतं, आता नावही काढून घेणार होतो, तेही माझ्या चुकीवर पांघरूण म्हणून. मी त्याला म्हणालो, असं काही लिहिलंत तर खरं काय ते मी जाऊन सांगेन. आणि काही लिहिलं नाहीत तरी जाऊन सांगेन.

बाईंना म्हटलं, चला सोबत. त्या आल्या नाहीत. “माझी रदबदली करायला जाऊ नका. तुमचं तुम्ही सांगा.”

मी पेडण्याला राहतो, तिथून हरमल मोटरसायकलनं जवळ. सीझन नव्हता. किनाऱ्यावरची शॅक-हॉटेलं मोडून झावळ्यांचे ढीग बांधून ठेवले होते, भाड्याच्या स्कूटर ताडपत्रीखाली होत्या. वैनी आत चटईवर बसल्या होत्या. लेकीनं मला आत घेतलं आणि दाराशी उभी राहिली.

मी म्हणालो, “ताईंनी नाही केलं ते. मी केलं.”

“तो फोल्डर ताईचोच मगे?” वैनींनी खाली बघतच विचारलं.

“होता. आता तिथं त्या बसत नाहीत.”

“मग कोण बसता?”

“कोणी नाही. ती सिस्टम...” मी बोलून गेलो. सगळा रस्ता मनात ठरवत आलो होतो, तरी तेच तोंडातून आलं.

वैनींनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तो तुमचो सिस्टम खंय आसा? तेकाय घेवन येवचो हुतो. इचारलं असतं तेका, मेल्या, तुका हार दिसूक नाय?”

दाराशी लेक हसली आणि लगेच तोंडावर ओढणी धरली. मला हसताही येईना.

“सिस्टम म्हणजे मीच,” मी म्हणालो. “हार बघायला माणूस होतं तिथं. ते मी उठवलं.”

 वैनी म्हणाल्या, “ताईक सांगा, मी रागान बोललंय. तिका मी फोन करतलंय.” मी उठताना म्हणाल्या, “तुमका माफ करूक मात्र माका येळ लागतलो.” मला ते रास्त वाटलं. मालकाच्या ‘कुणाचीच चूक नाही’पेक्षा कितीतरी बरं वाटलं.

कचेरीत येऊन मी ‘होय’ काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या साइट प्रश्नापाशी थांबल्या. मालक तणतणत आला.

“आता याचं उत्तर कोण देणार?”

“विचारून येणारं माणूस. त्यांना त्यांचं टेबल द्या. तो शब्द परत घालायचा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा.”

दुसरं कुणी नव्हतं. ती स्क्रिप्ट मला एकट्याला कळते, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. म्हणून यात शौर्य काही नाही. हेच मी बाईंना उठवलं त्या दिवशी बोललो असतो तरी चाललं असतं. तेव्हाही दुसरं कुणी नव्हतं. मी भाजी-पाव खात होतो.

बाई जुन्या टेबलावर आल्या, पण मी अपेक्षिलं होतं तशा खूश दिसल्या नाहीत. “तुमच्या मशीनला अडसर म्हणून बसवलंत होय मला?” त्या म्हणाल्या. “मी फोन करायचे ते तुमच्या ओळीसाठी नव्हे.” मी खुर्ची पुसून दिली.

त्या घरात यंदा चवथ नव्हती. चवथ उलटल्यावर लेकीनं फोल्डरमध्ये खोल्यांचे नवे फोटो टाकले, रंग दिलेल्या बल्कांवाचे. स्क्रिप्टनं ते कापले, दाबले, सगळं बांधून तयार केलं आणि थांबली. पुढे जाऊ का?

बाईंनी फोन लावला. “वैनी, बल्कांवाचे फोटो आलेत. घालूं?” मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. बराच वेळ. “बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“आज नाका म्हणाल्या.”

केबिनमधून मालकाचा आवाज आला, हरमलची साइट का अडकलीय म्हणून. बाईंनी मान वर केली नाही. “अडकलेली नाही,” त्या म्हणाल्या. “विचारलंय.” आणि पुढच्या घराचा नंबर लावला.