उभ्यानं चहा पिणाऱ्या काकी

आमच्या शेजारच्या काकी चहा उभ्यानं प्यायच्या. पडवीच्या खांबाला खांदा टेकवायच्या, डावा पाय जरासा उचलून धरायच्या आणि बशीत ओतून फुर्रकन संपवायच्या. कुणी बसा म्हटलं की म्हणायच्या, "मी बसले की ती उठते." ती म्हणजे त्यांची कळ. कमरेत निघायची, मांडीच्या मागून पोटरीत उतरायची आणि पार करंगळीपर्यंत जायची. पेणच्या डॉक्टरांनी तिला सायटिका असं नाव दिलं होतं. काकींनी तिला सवत करून टाकलं. "आमचे गेले, आन ही राहिली मागं," असं त्या हसत हसत सांगायच्या.

हे मला आता आठवतंय, कारण गेल्या वर्षीपासून तीच सवत माझ्याकडे राहायला आली आहे. सकाळी रोह्याच्या घरात ओट्याशी उभी राहून मी चहा पिते, आणि रोज न चुकता काकींची आठवण येते.

मी निडीची. लग्न होऊन पेणला रामवाडीत आले तेव्हा काकी पन्नाशीच्या होत्या. मुलगा ठाण्याला नोकरीला, घरात एकट्या. त्यांच्या पडवीत पाच-सहा बायका पोह्यांचे पापड लाटायला यायच्या. बायका गोल करून खाली बसलेल्या, आणि काकी मात्र भिंतीशी एका उंच टेबलावर पोळपाट ठेवून उभ्या. त्या उंचीवरून सगळ्यांच्या पापडांवर त्यांची नजर असे. "गो, तुझा पापड हाय का भाकरी?" एवढं म्हटलं की जिची भाकरी झालेली असे ती आपोआप लाटणं जोरात फिरवी. जन्मभर मांडी घालून पापड लाटल्यानंच काकींची कंबर गेली होती. "देवाकडं मागनं एकच," त्या म्हणायच्या. "एक कप च्या बसून प्यायचाय. अख्खा. अर्ध्यात उठायला नको."

उपाय त्यांनी थोडे केले नव्हते. तापलेल्या विटेचा शेक, निर्गुडीचा पाला, कुणी सांगितलेलं तेल, कुणी दिलेला ताईत. गोळ्यांनी पोट बिघडलं म्हणून डॉक्टर बंद केला होता. राहिला होता एकच इलाज, पायाळू माणसाचा पाय. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एक दिवस काकी आमच्या दारात आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुझ्या सुनेच्या म्हायेरी कोन पायाळू हाय का गो? इचार तरी."

मी आतून म्हणाले, "मीच आहे."

मी पायाळू नव्हते. पायाळू माझा थोरला भाऊ. पण लग्नाला चार महिने झाले होते आणि त्या चार महिन्यांत विहीर आणि बाजार सोडून मी कुठे गेले नव्हते. सासूबाई वाईट नव्हत्या. फक्त त्या सकाळी बोलायला लागायच्या त्या निजेपर्यंत, आणि सगळं बोलणं माझ्या हातातल्या कामाबद्दल असायचं. शेजारच्या पडवीतून बायकांचं हसणं ऐकू यायचं. मला तिथे जायचं होतं, एवढंच.

सासूबाईंचा जीव वरखाली झाला. नव्या सुनेनं वडीलधाऱ्या बाईला पाय लावायचा म्हणजे काय? पण दुखण्यापुढे रीत गप्प बसली. बुधवारी आणि रविवारी जायचं ठरलं. काकी उंबऱ्याशी पालथ्या पडायच्या, मी डावा पाय त्यांच्या कमरेवर तीनदा हलकेच टेकवायची आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडायची. त्या म्हणायच्या, "आधी लाथ, मग नमस्कार. अशी सून मिळायला भाग्य लागतं." मग त्या उभ्यानं चहा प्यायच्या, मी बसून. बायका माझी थट्टा करायच्या, मी पापडाच्या लाट्या करून द्यायची, आणि परतायला तास-दीड तास होऊन जायचा. तीनदा पाय लावायला इतका वेळ कसा लागतो, हे सासूबाईंनी कधी विचारलं नाही.

खोटं अंगाशी येतंच, तसं आलं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. त्यामुळे आभाळ जरा गडगडलं की सासूबाई मला माजघरात कोंडून घालायच्या आणि वाळत टाकलेले कपडे स्वतः पळत जाऊन काढायच्या. त्यांना धापा टाकताना पाहून मला शरम वाटायची. पण खरं सांगायचं तर हसूही यायचं.

काकी मात्र सगळ्यांना सांगत सुटल्या की पायाळूचा गुण आला. मला त्यांनी नावच ते दिलं. भिंतीपलीकडून हाक यायची, "पायाळू, आलीस काय गो?" खरंच बरं वाटत होतं की वाटून घेत होत्या, देव जाणे. मीही विचारलं नाही, कारण उत्तर मला परवडणारं नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. मग एकदा आम्ही दोघी बाजारातून येत होतो. काकींच्या डाव्या पायातली चप्पल निघून रस्त्यात राहिली आणि त्या तशाच पुढे चालत राहिल्या. वीस-पंचवीस पावलं. मागून एक पोरगी चप्पल घेऊन धावत आली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि हसल्या. मला हसू आलं नाही. तापलेल्या डांबरावर पाय पडत होता आणि त्यांना कळत नव्हतं.

मी डॉक्टरचं काढलं. काकी म्हणाल्या, "तुझा पाय हाय ना. डाक्टर कशाला?"

मी आठ दिवस नीट जेवले नाही. खरं बोलावं तर ती पडवी गेली, आणि गप्प बसावं तर काकींचा पाय गेला. रविवारी त्या उंबऱ्याशी पालथ्या पडल्या. मी पाय उचललाच नाही. म्हटलं, "काकी, मी पायाळू नाही. माझा भाऊ आहे. मी खोटं बोलले."

त्यांचं तोंड पलीकडे होतं, दिसलं नाही. एक हात टेकून, मग गुडघा टेकून त्या सावकाश उठल्या. "घरी जा," एवढंच म्हणाल्या.

बुधवार गेला, रविवार गेला. भिंतीपलीकडे बायका हसत होत्या आणि मला कुणी हाक मारत नव्हतं. पुढच्या मंगळवारी काकी आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "रोह्याला हाडांचा नवा डाक्टर आलाय म्हनतात. मला सोबत पायजे. सून धाड."

एसटीत जागा होती, तरी त्या दांडा धरून उभ्या राहिल्या. मी शेजारी उभी. कंडक्टर म्हणाला, "बाई, सीट रिकामी आहे." काकी म्हणाल्या, "तूच बस, दमला असशील." गडब गाव मागे पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "खोटं का बोललीस गो?"

"तुमच्याकडे यायला मिळावं म्हणून."

"मंग सरळ यायचं."

"सासूबाईंनी सोडलं नसतं."

काकींनी दांड्यावरचा हात बदलला. "व्हय," म्हणाल्या, "ते खरं." आणि निडीच्या फाट्याजवळ त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून मला अर्धा दिला.

डॉक्टरांनी पाय वर करून पाहिला, टाचणी टोचून पाहिली, आणि आणखी उशीर केला असता तर पाऊल उचलेनासं झालं असतं म्हणाले. गोळ्या दिल्या, खाली बसणं बंद केलं आणि व्यायाम शिकवला. उताणं झोपायचं, गुडघा ताठ ठेवून पाय हळूहळू वर न्यायचा. दुसऱ्या कुणीतरी टाच धरायची, कळ उठेल तिथे थांबायचं. "घरात टाच धरायला कोण आहे?" त्यांनी विचारलं. काकींनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय. पायाळू."

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. आता माझा पाय त्यांच्या पाठीवर नसायचा, त्यांची टाच माझ्या तळहातावर असायची. भेगाळलेली, पिठाचा वास येणारी. पहिल्या महिन्यात ती टाच वीतभर वर यायची आणि काकी दात दाबून म्हणायच्या, "थांब, सवत आली." पुढे पुढे ती माझ्या कमरेपर्यंत यायला लागली. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी काकींनी खुर्ची ओढली, बसल्या आणि चहा हातात घेतला. पडवीतली लाटणी थांबली. सगळ्या बायका त्या कपाकडे बघत होत्या. काकींनी चहा संपवला, कप पालथा करून दाखवला आणि म्हणाल्या, "साखर कमी व्हती." मी रडले. काकी रडल्या नाहीत. त्यांनी दुसरा कप मागितला.

पुढे आमच्या ह्यांना रोह्याच्या एका कंपनीत काम लागलं आणि आम्ही इकडे आलो. शिफ्ट, मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं आजारपण. पेणला जाणं वर्षातून एकदा, मग तेही राहिलं. पेण काही परदेश नव्हतं. जावंसं वाटायचं, तरी मी गेले नाही, याला धड कारण नाही.

शेवटचं गेले तेव्हा काकी पलंगावर होत्या. दुखणं वेगळंच होतं, वयाचं. अंगात काही उरलं नव्हतं, पण मला पाहताच म्हणाल्या, "पायाळू, आलीस काय गो?" मी टाच हातात घेतली. त्यांनी मान हलवली. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "पाय लाव."

"काकी, मी पायाळू नाही. तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय. लाव."

पलंगाचा कठडा धरून मी पाय वर घेतला आणि त्यांच्या कमरेवर तीनदा टेकवला. हाडं लागली. मग वाकून पाया पडले. काकींनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "बरं वाटलं बघ. आता जा, रोह्याची गाडी चुकंल."

मी धावत जाऊन गाडी पकडली. त्या आठवड्यातच काकी गेल्या. ती गाडी चुकायला हवी होती.