सासऱ्यांना दाखवलेला दुसरा सूर्य

माझ्या घराण्यात चार पिढ्या बडोदा संस्थानच्या फौजेत आणि सासरी चार पिढ्या संस्थानच्या दफ्तरात. म्हणजे पराक्रम आम्ही करायचे आणि त्यांनी विचारायचं, "नोंद कुठे आहे?" लग्नाच्या मांडवातच मी सासऱ्यांना सांगितलं होतं, की माझ्या पणजोबांनी वाघाच्या मिश्यांना पीळ भरून त्याला चालतं केलं. तेव्हापासून तीस वर्षं त्यांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. बाहेर ऊन आहे म्हटलं, तरी ते खिडकीपाशी जाऊन खात्री करतात.

यांच्या तोंडून मरायच्या आत एकदा 'खरं बोललात' ऐकायचंच, असं मी ठरवलं. (मरायच्या आत म्हणजे माझ्या. ते शंभरी गाठणार, तशी नोंद असेल.) म्हणून गेल्या जूनमध्ये रावपुऱ्यात त्यांच्याकडे रात्री जेवायला जाताना, आयुष्यात प्रथमच, एक संपूर्ण खरी गोष्ट पाठ करून नेली.

"बाबा, आपल्या सूर्याचा एक जुळा भाऊ आहे. तसाच पिवळा, वजनाला जरा जास्त, वयानंही बहुधा थोडा मोठा. चार-साडेचार प्रकाशवर्षांवर, अगदी शेजारी. नाव मित्र."

त्यांनी आमरसाची वाटी खाली ठेवली. "मित्र हे सूर्याचंच नाव. रोज सकाळी माझा पहिला नमस्कार 'मित्राय नमः' म्हणून पडतो. सत्तर वर्षं मी तो घालतोय कुणाला, जावईबापू? तुमच्या या जुळ्या भावाला?"

"अहो, निदान सूर्याला तरी सोडा," बायको म्हणाली.

मी म्हटलं, चला गच्चीवर, दाखवतोच. चार मजले चढताना सासऱ्यांचे गुडघे प्रत्येक पायरीवर स्वतंत्र हरकत नोंदवत होते. बायको मागून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, बहुधा माझ्यासाठी.

दक्षिणेला, घरांच्या माथ्यांवर जेमतेम चार बोटं, मित्र लुकलुकत होता. मी बोट दाखवलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं.

"दिसला! पिवळाच आहे हो. आणि केवढा ठळक!" त्यांनी चक्क हात जोडले. "खरं बोललात, जावईबापू."

माझी छाती अशी फुगली, की अर्धं बडोदं झाकलं गेलं असेल. मग त्यांच्या खांद्यामागून, त्यांच्या नजरेच्या रेषेत मी डोकावलो. ते दोन गच्च्यांपलीकडच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा बघत होते.

तेवढ्यात त्या गच्चीवरून एक बाई गुजरातीत ओरडली, "लाइट बंध कर!" दिवा गेला.

"मावळला," सासरे तृप्त आवाजात म्हणाले.

आता गप्प बसायला माझं काय जात होतं? पण थापेच्या धंद्यात माझी काही इभ्रत आहे. दुसऱ्याच्या दिव्यावर मी नाव कमवत नाही.

"बाबा, तो दिवा होता. मित्र अजून आहे. तो बघा, जरा वर, लुकलुकतोय तो."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जिन्याकडे वळता वळता लेकीला म्हणाले, "एक वाक्य चांगलं खरं बोलले गं. दुसऱ्याला लगेच घसरले."