मधेच तुटलेलं गाऱ्हाणं

समस्त भाविकांना, आणि त्यातही मानेला पट्टा बांधून बसलेल्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की त्या वर्षी सबंध पावसाळाभर मी देवापुढे मान झुकवली नाही. अहंकार म्हणाल तर तेवढी चैन मला परवडणारी नव्हती. मान झुकतच नव्हती.

घाटकोपरला आमच्या टेकडीखाली, बाजाराच्या गल्लीत, मला एका फियाटने उडवलं. शुद्धीवर आलो तेव्हा खांद्याजवळचं हाड मोडलेलं, मान लाकडासारखी झालेली, आणि डोक्यात असा नाद की कोणीतरी देवळातली घंटा वाजवून नुकतंच निघून गेलंय. मधलं काहीच आठवत नव्हतं. गाडीवाल्याने पोलिसांना सांगितलं, हा माणूस धावत माझ्या गाडीपुढे आला. आता, मला धावताना आमच्या हिनेही कधी पाहिलेलं नाही.

पण गंमत तिथेच संपत होती. मी वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचो आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. खांद्याला पुन्हा ऑपरेशन लागणार होतं, ते भरपाई मिळाली तरच. वकील म्हणाला, "दावा लावू, पण बघणारा कोणीतरी आणा. नाहीतर त्याचा शब्द आणि तुमचा शब्द. आणि तुम्हाला तर काही आठवतच नाही." गाडी समोरून भरधाव आली असणार, हा अंदाज त्याचाच. ऐकून ऐकून मलाही ती तशीच दिसायला लागली. आम्ही गल्लीभर विचारलं. मला पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, पडताना कोणीच नाही.

ते दिवस गोळ्यांच्या गुंगीत गेले. पट्ट्यामुळे नजर सारखी वर, म्हणून माझं जग म्हणजे छपराचे पत्रे आणि त्यांच्या फटींतून उतरून भिंतीवर सरकत जाणारे कवडसे. कधी वाटायचं, मी अजून त्या गल्लीत हवेतच आहे, खाली यायचा बाकी आहे, आणि कोणीतरी मला अलगद धरून ठेवलंय. त्या कोणालातरी मी म्हणायचो, "बाबा, तू होतास ना तिथे? मग तूच ये साक्षीला." मग देवाला कोर्टात शपथ कोणाची घालणार, हा प्रश्न पडून एकटाच हसायचो. हसलं की खांदा दुखायचा. एका दुपारी मागणंही थांबलं. तुला जसं दिसलं तसं होऊ दे, एवढंच म्हणालो आणि गाढ झोपलो.

तेवढ्यात भाऊकाकांनी ठरवलं की गाऱ्हाणं घालायचं. आम्ही कोकणातली माणसं. अडचण आली की एकाने ती सगळ्यांच्या वतीने देवापुढे खणखणीत आवाजात मांडायची आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा, ही आमची रीत. आमच्या चाळीत तो मान भाऊकाकांचा. हिने भीत भीत विचारलं, "काका, वकिलाला विचारू या का आधी?"

"तेका कोर्टातला कळता, गो. हयसर वकील मी."

टेकडीवरच्या गणपतीच्या देवळात, पत्र्याच्या मांडवाखाली, चाळ जमली. मला खुर्चीत बसवलं. धूप इतका दाट की माणसं ढगात उभी असल्यासारखी. भाऊकाकांनी नारळ ठेवला आणि डोळे मिटले.

"बा देवा गणपती म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक मोटारीन उडवल्यान."

"व्हय म्हाराजा."

"तेची मान वाकना नाय, हात उठना नाय."

"व्हय म्हाराजा."

"गाडी समोरसून भरधाव इली..."

होकार सुरू होणार तोच मागून, बायकांच्या घोळक्यातून, एक आवाज उसळला. गाऱ्हाण्याला कोणी कधी मोडता घालत नाही. मला मान वळवता येईना, म्हणून खुर्चीसकट मलाच फिरवलं गेलं. शेजारणीची आत्या होती, बोरिवलीहून भाचीकडे आलेली. अपघाताच्या दिवशीही आली होती आणि त्या गल्लीत वांगी घेत होती. मला दवाखान्यात नेलेलं पाहून ती बोरिवलीला परतली. मी कोण, मला साक्षीदार हवाय, हे तिला कुठून कळणार? त्यानंतर ती पहिल्यांदाच आली ती नेमकी त्या दिवशी. तिला कोणी बोलावलं हे मी आजवर विचारलेलं नाही. उत्तर मला पुरेल एवढं ठाऊक आहे.

कोर्टातही तिने तेच, तेवढ्याच आवाजात सांगितलं. गाडीवाल्याची हकीकत टिकली नाही, आणि आमचीही नाही. भरपाई मिळाली, खांदा दुरुस्त झाला, मी पुन्हा लेथवर उभा राहिलो. आता देवापुढे बसलो की डोळे आपोआप भरतात. आपण त्याच्याकडे जातो ते आपली हकीकत घोटून, पक्की करून. शरण जायचं म्हणजे ती हकीकत त्याला मोडू द्यायची, हे मला त्या मांडवाखाली उमगलं. भाऊकाकांचे जोडलेले हात तसेच, सगळ्यांची तोंडं होकारासाठी उघडलेली, आणि आत्या फटकन बोलून गेली होती,

"देवाक खोटा कित्याक सांगतास? गाडी रिव्हर्समध्ये मागे मागे येत होती, आणि ह्या बापड्याची तिच्याकडे पाठ होती. मी बघलंय."