वहिनीच्या हातची भाजणी

ताप उतरत नाही म्हणून वहिनी दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही. मी वडगावहून बेगडेवाडीला भावाकडे राहायला आले. भाऊ नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. पुतणी पहिलीत, पुतण्या अजून बालवाडीतही जात नव्हता.

दुखवट्यात शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जेवण फ्रिजमध्ये साचत गेलं. भात, मटकीची उसळ, मेथीची भाजी. पोरं कशालाच हात लावत नव्हती. आधीच दोघं खाण्याच्या बाबतीत हट्टी, त्यात हे.

"भूक लागली की खातील," शेजारच्या मावशी म्हणाल्या. "लय मागं लागू नका."

भूक लागली तरी खाल्लं नाही. पुतण्या दुधात बिस्किटं बुडवून दिवस काढत होता.

एका सकाळी फडताळात भाजणीचा डबा सापडला. वहिनीनं स्वतः धान्यं भाजून गिरणीतून दळून आणलेली. मी उरलेला भात कुस्करला, उसळ मिक्सरमधून काढली आणि भाजणीत मळून थालीपीठ थापलं. खमंग वास सुटला तशी पुतणी ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आईचं आहे?"

"आईच्या पिठाचं."

ती खाली बसली आणि तिनं खाल्लं. तिचं बघून धाकट्यानंही खाल्लं.

मग रोज तेच. मेथी, वरण, उरलेलं काहीही त्या पिठात मुरवून पोरांच्या पोटात घालता येत होतं. पण डबा उघडला की तळ जवळ आलेला दिसायचा. मी ज्वारीचं पीठ मिसळायला लागले.

"आत्या, आज कमी घातलंस ना?" पुतणी म्हणाली. मी हो म्हटलं.

भाऊ एकदा शिफ्टवरून आला आणि डब्यात डोकावला.

"ताई, सगळं संपवू नकोस. थोडं ठेव."

"ठेवून काय करणार? या दमट हवेत किडे होतील."

"होऊ देत."

"आणि पोरं काय खातील?"

डबा घेऊन तो आतल्या खोलीत गेला, जेवला नाही. सकाळी कामावर निघताना त्यानं तो पुन्हा ओट्यावर आणून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

भाजणी संपली. मी तीच धान्यं आणली, मंद आचेवर भाजली, त्याच गिरणीतून दळून आणली. पहिलं थालीपीठ धाकट्यानं खाल्लं आणि आणखी मागितलं. पुतणीनं एक घास घेतला, चावला, गिळला आणि ताट सरकवलं. धाकटा कसा खातोय ते ती बघत राहिली.

"याला कळतच नाही," ती म्हणाली.

"लहान आहे गं तो."

"तो विसरला आईला."

नाही, असं नसतं, असं काहीतरी मी बोलले. धाकट्यानं तेवढ्यात तिच्या ताटातलंही ओढून घेतलं. तिनं घेऊ दिलं.

त्यानंतर तिनं खाण्यासाठी कधी हट्ट केला नाही. वाढेन ते निमूट खाते, शिळं असो, करपलेलं असो. कशात काय घातलंय हे विचारत नाही. पोरगी शहाणी झाली, असं मावशी म्हणतात. जेवण झालं की ती उठून स्वतःचं ताट घासून ठेवते.