चतुःसीमा नसलेलं घर

मुरबाडच्या नोंदणी कार्यालयाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा दस्तलेखक हक्कसोडपत्राचा कागद आधीच टाइप करून ठेवायचा. 'मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, केवळ बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता...' बहिणीचं नाव आणि शेताचा नंबर यांच्यासाठी तेवढी जागा कोरी. प्रेमसुद्धा आधीच टाइप केलेलं. भगिनीप्रेमापोटी हक्क सोडणाऱ्या भावाचा कागद आहे का तुमच्याकडे, असं मी त्याला विचारलं होतं. तो हसला. "तसा कुणी येत नाय गो."

त्या दिवशी भरायचा कागद माझ्या आयचा होता.

माझा मामा, आयचा धाकटा भाऊ, मी शाळेत जायच्या आधीपासून दुबईत वायरमन होता. दोन हजार सालानंतर तिथला नियम बदलला, परदेशी माणसालाही काही भागांत फ्लॅट विकत घेता येऊ लागला. त्या सुट्टीत मामा आसनगावजवळच्या आमच्या घरी आला तो गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक घेऊनच. चित्रातल्या इमारती अजून बांधायच्या होत्या, पण त्यांच्या गच्चीवर माणसं हसत उभी होती.

फ्लॅटसाठी आजोबांचं मुरबाडकडचं शेत विकायचं होतं. सातबाऱ्यावर दोन नावं होती, मामाचं आणि आयचं. दलालाने मामाला सांगितलं होतं, बहिणीचं नाव काढून घ्या, एकच सही असली की काम सोपं. मामा दुबईत असताना ते शेत आयच सांभाळायची. शहापूरहून किन्हवलीमार्गे जाणाऱ्या एसटीने ती लावणीला जायची, कापणीला जायची, भात निघालं की वाल पेरून यायची. पण माहेरी तिला सगळे विचारत, "कधी आलीस? कधी निघणार?"

मी तेव्हा शहापूरला कॉलेजात होते आणि एका संघटनेत काम करत होते. बाबांच्या कारखान्यातल्या युनियनची पत्रकं आमच्या घरी गठ्ठ्याने असत, त्यांवर बोट ठेवत मी वाचायला शिकले. त्याच आठवड्यात आमच्या संघटनेचं पत्रक मी आठवडी बाजारात वाटलं होतं. 'सातबाऱ्यावर बाईचं नाव' हे त्याचं शीर्षक, आणि मजकूर माझा.

आय बराच वेळ चित्रं बघत राहिली. मग म्हणाली, "पूर्वेला कोण हाय?"

"कशाच्या?" मामा म्हणाला.

"घराच्या. चतुःसीमा सांग ना. आपल्या शेताला पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला चुलत्याचं खाचर, दक्षिणेला गुरांची वाट. तशी ह्याला काय?"

"ताय, बाराव्या मजल्यावर हाय ते. पूर्वेला हवा हाय."

"नि खाली?"

"दुसऱ्याचं घर."

"वर?"

"तिसऱ्याचं."

"मग जमीन कुणाची?"

मामाने माझ्याकडे बघितलं. पुस्तकासोबत आणलेला इंग्रजी करार माझ्या मांडीवर होता. मी वाचून सांगितलं की घर विकत घेतलं तरी त्या देशात राहायचा परवाना वेगळा, तो ठरावीक मुदतीने नव्याने काढायचा. नाही मिळाला तर घर मामाचं, पण मामाला तिथं राहता येणार नाही.

"म्हंजे घर आपलं नि आपण पावणे?" आय म्हणाली.

मामाचा आवाज चढला. "इतकी वर्षं एका खोलीत आठ जण झोपतो, ताय! दुसऱ्याचे पाय माझ्या उशाशी. मला एक दार पायजे, आतून कडी लागणारं. बस."

त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं पत्रक सुरू झालं. मी कायदा सांगितला, हिस्सा सांगितला, बहिणीच्या साडीचोळीचा हिशोबच बाहेर काढला. मामा म्हणाला, "पत्रकवाल्या बाईसाहेब, तुमचं पत्रक पेरून भात उगवतं काय?"

"भात आय उगवते," मी म्हणाले. "तुम्ही नाही."

"गप ग," आय म्हणाली. "मामा हाय तो."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडच्या एसटीत बसलो. मामा पुढे होता. मी आयला शेवटचं विचारलं, का देतेस?

"त्याला तिथं पावण्यासारखं ठेवलंय, तसं मला इथं," ती म्हणाली. "मला सवय झाली. त्याला होत नाय."

मला इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. स्वतःवरच्या अन्यायाला सवय म्हणायचं आणि वर आपला हिस्सा भावाला ओवाळून द्यायचा! आजही तो राग तसाच आहे, थोडाही निवलेला नाही.

दस्तलेखकाने सवयीने शाईचा पॅड आयपुढे सरकवला. तिने तो मागे सरकवला आणि पेन मागितलं. मग साक्षीदार हवा होता. "तू कर," ती मला म्हणाली. मी नाही म्हणाले.

"मग मामा चहावाल्याला बोलवील. माझं नाव जाताना बघायला परका माणूस कशाला? तू अस."

मी सही केली. बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवा म्हणून गावोगाव ओरडणाऱ्या मुलीची सही आईचं नाव उतरवणाऱ्या कागदावर आहे. तिथेच व्हरांड्यात मामाने आयला साडी दिली. जांभळी होती. ती आयने कधी नेसलेली मी पाहिली नाही.

शेत मुंबईच्या एका माणसाने घेतलं. तो कागदावर शेतकरी होता. कुठला, ते कुणी विचारलं नाही. ओहोळापर्यंत तारेचं कुंपण पडलं आणि आय लावणीला जायची थांबली.

काही वर्षांनी तिकडची कामं बंद पडली, मामाची नोकरी गेली, पाठोपाठ परवानाही. फ्लॅटमध्ये भाडेकरू ठेवून तो दोन बॅगा घेऊन परत आला. आता त्याला गावात चार गुंठे हवे होते. तलाठ्याने विचारलं, "शेतकरी असल्याचा दाखला?" आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि मामाने होती तेवढी सगळी विकली होती. भाताच्या चिखलात वाढलेला माणूस शेतकरी उरला नव्हता, आणि कुंपणाआडचा तो मुंबईकर मात्र शेतकरी होता.

हा नियम मला माहीत होता. खोटे दाखले काढणाऱ्यांविरुद्धच्या आमच्या पत्रकात तो छापलेला होता. मामा करार घेऊन आला त्या दिवशी घरी मी सगळं बोलले, हे एक वाक्य मात्र बोलले नाही. मला मामाला हरवायचं होतं, सावध करायचं नव्हतं. ह्याची चीड मी दुसऱ्या कुणावर काढू?

मामा आमच्याकडे आला, खाली मान घालून. "तू लिहितेस चांगलं. दाखल्यासाठी तहसीलदारांना एक अर्ज लिहून दे."

आय वाल सोलत होती, बाजारातून विकत आणलेले. माझ्याआधी तीच बोलली. "लिही. पण दोघांच्या नावानं. माझं आधी. मी थोरली."

"ताय, तुझं तर तू सोडलं..." मामा म्हणाला, आणि थांबला.

"सोडलं. मला पायजे का, हे इचारलंस तवा?"

मी कागद घेतला. अर्ज फेटाळला जाणार हे मला ठाऊक होतं, तरी लिहिला. आयचं नाव वर, मामाचं खाली. स्वखुशी, बंधुप्रेम हे शब्द कुठेही येऊ दिले नाहीत. मग आय म्हणाली, शेताची चतुःसीमा घाल.

मी मामाला विचारत गेले. पूर्वेला ओहोळ, तो म्हणाला. पश्चिमेला चुलत्याचं खाचर. दक्षिणेला गुरांची वाट.

"उत्तरेला?"

त्याला आठवेना. वालाचं साल काढता काढता आयने सांगितलं, "देवाची राई. नि तिच्या कडेचा आंबा आपला होता, तोबी लिही."

मी लिहिला.