मायनस हजार पन्नास

"मी काय, पास झालोच समज. काळजी आहे ती आपल्या बेनची. तिला कसंही करून पार काढू या."

पुढच्या सीटवरून काका हे ड्रायव्हरला हळूच सांगत होते. आपली बेन म्हणजे मी. मी मागे मांडीवर मीटरची पेटी घेऊन, डोळे मिटून बसले होते. मला झोप लागली असं त्यांना वाटलं असावं. गाडी डहाणूहून तलासरीकडे निघाली होती आणि त्या दिवशी आम्हा दोघांची प्रात्यक्षिक परीक्षा होती.

ड्रायव्हर म्हणाला, "ती बोलतच नाय. मुक्याने परीक्षा देणार काय?"

"बोलते रे. ऐकणारा पाहिजे."

मी डोळे उघडले नाहीत. ते बोलणं ऐकून तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्यातल्या 'कसंही करून'वरूनच माझा सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

हायवेच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर कमरेएवढे पिवळे खांब तुम्हीही पाहिले असतील. कुणाला ते मैलाचे दगड वाटतात, कुणी त्यांना बकरी बांधतं. त्यांच्या आसपास जमिनीखालून गॅसची लोखंडी पाइपलाइन जाते. ती गंजू नये म्हणून तिला सतत थोडी थोडी वीज देत राहावं लागतं. याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात, आम्ही नुसतं सीपी म्हणतो. ही वीज पाइपला पुरेशी मिळते आहे का, हे खांबातल्या तारेला मीटर जोडून बघायचं, एवढंच आमचं काम. आकडा नेहमी मायनसमध्ये येतो. मायनस आठशे पन्नास किंवा त्याच्याही खाली गेला तर पाइप सुरक्षित, वर राहिला तर काळजी. हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जितकं कमी तितकं चांगलं? तुझ्या दहावीच्या गणिताला हाच नियम असता तर!"

वडील रेल्वेत, घर स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये, शाळा इंग्रजी. कॉलेज संपवून मी एका कंत्राटदार कंपनीत शिकाऊ म्हणून लागले आणि मला काकांच्या गाडीत बसवलं गेलं. काका जुने टेक्निशियन. मूळचे तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ गावातले, घरी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत जायचे. साहेबांसमोर मला मॅडम म्हणायचे, गाडीचं दार लागलं की बेन.

खांबापाशी पोचलं की ते आधी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतायचे. निळ्या द्रावणाची एक नळी, आम्ही तिला सेल म्हणतो, मातीवर टेकवून धरावी लागते आणि त्यासाठी माती ओली लागते. उरलेलं पाणी स्वतः प्यायचे. "पहिलं तिला, मग मला." तिला म्हणजे जमिनीला की पाइपला, मी कधी विचारलं नाही.

मग मी मीटर बघून आकडा सांगायची. माझा आवाज लहान. कागद घेऊन गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला तो पोचायचा नाही. काका तो झेलून पुढे फेकायचे. "मायनस हजार पन्नास! नॉर्मल!"

नॉर्मल हा त्यांचा शब्द. खांब नॉर्मल, रस्ता नॉर्मल. बायको दोन दिवस बोलत नाही, नॉर्मल. एकदा चिंचणीवरून येताना त्यांनी सुके बोंबील घेतले आणि कागदात गुंडाळून मीटरच्या पेटीशेजारी ठेवले. सगळी गाडी वासाने भरली.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, हा तुमचा सेल फुटला का काय?"

"नॉर्मल वास आहे."

"नॉर्मल? सीटला लागला तर मालक मला सुकवेल."

"मग तुला पण कागदात गुंडाळून नेतो घरी."

मी खिडकीकडे तोंड करून हसले. काकांनी आरशातून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बघ. बेन हसली. वसूल."

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच पाहिली होती. रानशेतच्या बाजूला एक खांब ओढ्यापलीकडे आहे. पावसाळ्यात ओढा भरलेला, पलीकडे जाणं शक्य नव्हतं. कागद त्या दिवशी माझ्याकडे होता. काका या काठावर उभे राहिले, खांबाकडे बघितलं आणि म्हणाले, "लिही बेन, मायनस हजार पन्नास."

"काका, मीटर कुठे लावलं?"

"अगं, मीटर काय बोलणार ते मला माहीत आहे."

मी पेन तसंच धरून राहिले. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लिहिलं. रागावले वगैरे नाहीत. मला वाटलं, कळलं, हा माणूस असा आहे. पण ओढा उतरल्यावर एका रविवारी ते स्वतःच्या मोटरसायकलवरून तिथे गेले, मीटर लावलं आणि त्याचा फोटो मला पाठवला. मायनस हजार चाळीस. खाली लिहिलं होतं, "जवळजवळ." आता अशा माणसाला काय म्हणायचं? खोटं लिहितो आणि मग आपल्याच पेट्रोलवर जाऊन तपासून येतो.

मग कंपनीचा नियम आला. सीपीचं प्रशिक्षण घेऊन ज्याने परीक्षा पास केली त्याचीच सही यापुढे रीडिंगवर चालेल. माझ्यासाठी ही कायम होण्याची पायरी होती. काकांसाठी वेगळं होतं. इतकी वर्षं या भागातल्या प्रत्येक खांबाच्या रीडिंगखाली त्यांची सही होती. पास झाले नाहीत तर ती जाणार आणि त्यांनी माझ्यासारख्यांची पेटी उचलायची.

डहाणूत एका हॉलमध्ये वर्ग भरला. सगळं इंग्रजीत. काका माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत. सर बोलायचे आणि काका खाली बघून विचारायचे, "काय म्हणाले?" मी पुटपुटत मराठी करून सांगायची. बाहेर ते माझा आवाज होते, वर्गात मी त्यांचे कान. हे आम्ही ठरवलं नव्हतं. एकदा सरांनी विचारलं, खांबाला हात लावण्याआधी काय कराल? बरोबर उत्तर म्हणजे मीटरने तपासणार, कारण वरून हाय टेन्शन लाइन जात असेल तर खांबात वीज उतरलेली असू शकते. काकांनी हात वर केला आणि उलटा पंजा हवेत टेकवून दाखवला. "असा. झटका बसला तर हात आपोआप मागे येतो."

सर म्हणाले, "हे परीक्षेत करू नका."

"नाही करणार सर. घरीच करतो." सगळा वर्ग हसला. मला मात्र कळेना की यांना विषय येतो की नुसती सवय आहे. अजूनही सांगता येणार नाही. काही गोष्टी ते पुस्तकापेक्षा सोप्या करून सांगायचे, काही छातीठोकपणे चुकीच्या. लेखी परीक्षेत ते काठावर पास झाले. राहिलं प्रात्यक्षिक.

तर त्या दिवशी आम्ही तलासरीजवळच्या खांबापाशी उतरलो. पद्धत अशी होती की जोडीतल्या एकाने रीडिंग घ्यायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि पुढच्या खांबावर अदलाबदल. पहिली पाळी माझी. परीक्षक बाहेरगावचे होते, जरा लांब झाडाखाली उभे होते. काका माझ्या मागे, हातात कागद, चष्मा गळ्यात.

मी मीटरने आधी तपासलं. माती ओली केली. सेल टेकवला. तार जोडली. मीटरवर आलं मायनस सहाशे दहा. मी तार काढून परत जोडली. तेच. हा खांब काकांच्या भागातला, दर वेळी इथे हजार पन्नास यायचे. मी म्हटलं, "मायनस सहाशे दहा."

परीक्षक म्हणाले, "ऐकू आलं नाही."

आणि काकांनी नेहमीसारखं मोठ्याने सांगितलं, "मायनस हजार पन्नास, सर. नॉर्मल." आणि तसंच लिहिलंही.

मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. पुन्हा पाहिलं. सहाशे दहा. परीक्षक माझ्याकडे बघत होते, "बरोबर, मॅडम?" काका माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मी फक्त मीटर हातात फिरवलं आणि त्याचं तोंड परीक्षकांच्या बाजूला केलं.

ते चालत आले. त्यांनी मीटर पाहिलं, मग काकांच्या हातातला कागद पाहिला.

पुढे जे झालं त्याने माझा आणखी गोंधळ केला. त्यांनी खांबाचं सगळं झाकण काढून आतली जोडणी बघायला लावली. आत तारेचं टोक गंजून हिरवं झालेलं. ते पॉलिशपेपरने घासून पुन्हा जोडलं आणि मीटर लावलं. मायनस हजार पन्नासच्या आसपास. म्हणजे पाइप अगदी ठीक होता. पाइपबद्दल काका बरोबर होते आणि मीटर चूक.

"बघा सर," काका म्हणाले, "नॉर्मल आहे ना."

परीक्षक शांतपणे म्हणाले, "पाइप नॉर्मल आहे. पण तुम्ही जे दिसलं नाही ते लिहिलं." त्यात चूक काय काढणार? मी पास झाले, काका नापास.

परतताना त्यांनी डबा उघडला आणि नागलीची भाकरी अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. रोजच्यासारखीच. मी ती भाकरी घरापर्यंत हातात धरून नेली.

त्यानंतर काही आठवडे ते माझ्याबरोबर मदतनीस म्हणून आले. सही माझी. पाणी ओतायचे, पेटी उचलायचे. मी आकडा सांगितला की पूर्वी तो पुढे जायचा, आता ते म्हणायचे, "परत बोला, मॅडम. ड्रायव्हरला गेलं नाही." गाडीचं दार लावल्यावरसुद्धा मॅडम. रागाने नाही. अगदी अदबीने. रागावले असते तर मला कळलं असतं.

मग ते यायचे बंद झाले. परीक्षा पुन्हा देता येत होती. त्यांनी दिली नाही. ऑफिसात कुणी म्हणायचं, कंटाळले. कुणी म्हणायचं, शेतीचे दिवस आहेत, येतील. ड्रायव्हर एकदा म्हणाला, "ते तुझ्यासाठीच बोलले ना तसं. सहाशे ऐकलं असतं तर परीक्षक म्हणाला असता, पोरीने तार नीट जोडली नाय." मी त्यावर पुष्कळ विचार केला. तसं असेल. किंवा त्या खांबाखाली दर महिन्याला त्यांची सही होती, सहाशे दहा ऐकून कुणीतरी जुनी रीडिंग विचारली असती, म्हणून. किंवा काहीच नाही. माझा आवाज त्यांना आलाच नसेल आणि जिभेवरचा आकडा बाहेर पडला असेल. तीनही गोष्टी त्यांच्या स्वभावात बसतात. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला कळलं असतं का, असंही मी स्वतःला विचारते. मी तर दोन हातांवर होते.

या उन्हाळ्यात ऑफिसने मला त्यांच्याकडे पाठवलं. परीक्षेची पुढची तारीख आली आहे, या वेळी बसले नाहीत तर त्यांचं नाव कामावरून काढतील, हे समजावून सांगायचं. फोन ते उचलत नव्हते.

घरी त्यांची बायको होती. तिने मला नीट न्याहाळलं. "तूच ती बेन?" मी मान हलवली. पाणी दिलं. "खाली शेतात हायत, राब भाजतात. हाक मार, येतील."

पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून तो जाळतात, तो राब. खालच्या तुकड्यात धूर उठत होता आणि त्याच्या पलीकडे काका हातात काठी घेऊन आग सारखी करत होते. आधी दिसले, मग धुरात गेले, परत दिसले. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. तिथून ते कुणीही शेतकरी वाटत होते.

माझ्या मागून आलेला ड्रायव्हर म्हणाला, "मी हाक मारू?"

मी नको म्हणून हात केला आणि बांधाच्या टोकापर्यंत गेले. काय सांगायचं ते वाटेत पाठ केलं होतं: काका, परीक्षेला बसा, मी शिकवीन, सगळं मराठीत करून देईन. त्यांनी मला पाहिलं. काठी टेकवून सरळ उभे राहिले. हात वर केला नाही, हसलेही नाहीत, की हसले, ते धुरामुळे मला दिसलं नाही. ते वाट बघत होते.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. त्या बांधावरून, माझ्या आईवडिलांनीही कधी ऐकला नसेल एवढ्या आवाजात मी ओरडले,

"काका, तो आकडा कोणासाठी सांगितलात?"