आबांचा नर्सिंगला नंबर लागला

माझ्या वडिलांचा लोणावळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा त्यांचं वय एकाहत्तर होतं. शिक्षण चौथी. अर्ज मी भरला होता.

खरं तर अर्ज माझ्या बायकोचा होता. सुनंदा लग्नाआधी बारावी सायन्स झालेली, मग संसारात पडलेली, आणि गेली पाच वर्षं तळेगावातल्या एका दवाखान्यात ‘मावशी’ म्हणून कामाला. मावशीने चादरी बदलायच्या, पेशंटला आधार देऊन उठवायचं, सिस्टरच्या हातात ट्रे द्यायचा आणि बाजूला उभं राहायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, “मला सगळं दिसतं, सगळं कळतं. फक्त हात लावायची परवानगी नाही.” एवढं बोलून ती आमटी वाढायला लागली, त्यामुळे विषय संपला असं मला वाटलं. (बायको आमटी वाढायला लागली की विषय सुरू होतो, हे मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही कळलेलं नाही.)

आठवड्याभरात तिने तीन वर्षांच्या नर्सिंग कोर्सची सगळी माहिती काढली. बारावीच्या मार्कांवर यादी लागणार होती. जागा थोड्या, अर्ज पोतंभर. आणि तिचं वय चौतीस, म्हणजे वयाच्या अटीत बसायचं हे जवळजवळ शेवटचं वर्ष. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. ती म्हणाली, दवाखान्यातल्या एका सिस्टरकडून भरून घेते. तिथे माझा स्वाभिमान दुखावला.

मी नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यावर लाल स्टिकर चिकटवायचा, हे माझं काम. केसाएवढा फरक मला उघड्या डोळ्यांनी दिसतो. असा माणूस घरात असताना बायकोने बाहेरच्यांकडून अर्ज भरून घ्यावा?

मी अर्ज घेतला. योगायोगाने त्याच रविवारी मला आबांचाही एक अर्ज भरायचा होता, एसटीच्या ज्येष्ठ नागरिक कार्डाचा. दोन्हीकडे फोटो लागणार होता. मी अंगणात दोरीवर पांढरी चादर टाकली, तिच्यापुढे आधी आबांना उभं केलं, मग सुनंदाला. दोघांचे फोटो मोबाइलवरच कापून, दाबून, पन्नास केबीत बसवले. एका फाइलला नाव दिलं ‘फोटो फायनल’. दुसरीला दिलं ‘फोटो फायनल फायनल’.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

सुनंदा अर्ज पाठवायच्या आधी दोनदा म्हणाली होती, मला एकदा बघू द्या. मी म्हणालो, मी दिवसाला दोनशे पार्ट तपासतो, एक अर्ज काय घेऊन बसलीस. नंतर सोमाटण्याच्या एका दुकानातून मी अर्जाची प्रिंट आणली. त्या दुकानाच्या मशीनची शाई संपत आली होती आणि फोटोच्या जागी नुसता राखाडी ठिपका उमटला होता. सुनंदाने तो ठिपका उजेडात धरून पाहिला आणि मी इतकी काळी आहे का, एवढंच विचारलं.

यादी लागली. सुनंदाचं नाव त्यात होतं, अगदी शेवटून दुसरं. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं, मग मुलीला, मग आबांना (आबांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं). मूळ कागद घेऊन शनिवारी दुपारी एकच्या आत कॉलेजात हजर राहायचं होतं. नाही गेलं, किंवा कागदात खोट निघाली, तर जागा खालच्या नंबरला.

शुक्रवारी संध्याकाळी आबा कार्डाची चौकशी करून तळेगावहून परत आले. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “त्यो मानूस म्हनतो, ह्ये कार्ड बाईचं हाय. फोटू बाईचा हाय म्हनं.”

आम्ही सगळे हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो, सरकारी कारभारावर दोन वाक्यंही बोललो. पहिल्यांदा हसायची थांबली ती सुनंदा. तिने विचारलं, “आबा, बाईने कसली साडी नेसलीय?”

“तुझी हिरवी,” आबा म्हणाले.

मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाइल काढला, अर्ज उघडला. अर्जदाराचं नाव सुनंदा, लिंग स्त्री, आणि चौकटीत पांढऱ्या मिशा, टोपी, कपाळाला बुक्का. आबा फोटोत फार छान दिसत होते.

सुनंदा रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त यादीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि आत गेली. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत होता. त्या आवाजात मी ठरवलं की हे आपणच निस्तरायचं.

निस्तरायची पद्धतही मला माहीत होती. कंपनीत चूक झाली की मीटिंगमध्ये चुकीचा पार्ट आणि बरोबर पार्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवतात, म्हणजे वाद राहत नाही. मी जाहीर केलं की उद्या आबांनाही लोणावळ्याला न्यायचं. फोटोतला माणूस आणि अर्जातली बाई, दोघं समोर उभी केली की कुणालाही एका नजरेत कळेल. सुनंदा म्हणाली, आबांना कशाला हेलपाटा. आबा मात्र लगेच तयार झाले. “माजा फोटू हाय, तवा मी पायजेच,” म्हणाले आणि धुतलेलं धोतर काढायला गेले.

सकाळी मी सगळ्यांना इतकी घाई केली की आबांचा चहाही अर्धा राहिला. तरी लोकल चुकली. दुपारपर्यंत दुसरी नव्हती, म्हणून सोमाटणे फाट्यावर येऊन एसटी पकडली. शनिवार असल्यामुळे कार्ल्यापासून पुढे सगळ्या मुंबई-पुण्याच्या गाड्या रस्त्यात उभ्या. लोक काचा खाली करून धुक्याचे फोटो काढत होते. फोटो या विषयावर आमच्या सीटवर कुणीच काही बोललं नाही.

कॉलेजात पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. व्हरांड्यात मुलींची रांग, बाकावर त्यांचे पालक. मी आबांना बाकावर बसवलं, हलू नका म्हणून सांगितलं, सुनंदाला रांगेत उभं केलं आणि लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स राहिली होती ती काढायला बाहेर धावलो. परत आलो तर बाक रिकामा.

झालं होतं असं. निवड झालेल्यांची तब्येत तपासायला बाजूच्या खोलीत एक तरुण सिस्टर बसली होती. तिच्याकडे फोटोसकट यादी होती. ती बाहेर आली, यादीत पाहिलं, बाकावर पाहिलं, परत यादीत पाहिलं. चेहरा तंतोतंत जुळत होता. तिने आबांना विचारलं, हा फोटो तुमचाच ना? आबा खोटं बोलत नाहीत. “व्हय, माजाच,” म्हणाले. तिला काहीतरी चुकतंय असं नक्की वाटलं असणार, पण फोटो जुळल्यावर ती तरी काय करणार. आबांना वाटलं, वयस्कर माणूस बघून फुकट तपासतायत. मी खोलीच्या दारात पोचलो तेव्हा सुनंदाच्या फॉर्मवर उंची आणि वजन लिहून झालं होतं आणि आबांच्या दंडाला पट्टा बांधलेला होता.

मी सिस्टरला समजवायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने आकडा परत एकदा पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, तुमचं प्रेशर फार जास्त आहे हो.”

मी उगाच आबांना उठवायला लागलो, मग बसवायला लागलो, मग पाणी कुठे आहे म्हणून विचारायला लागलो. तेवढ्यात रांग सोडून सुनंदा आली. तिने मला खांद्याला धरून बाजूला केलं, जसं दवाखान्यात खुर्ची सरकवत असेल तसं. आबांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीला नीट टेकलेत ना ते पाहिलं. छातीत दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, बोलताना जीभ जड वाटतेय का, एकेक शांतपणे विचारलं. आबा सगळ्याला न्हाई म्हणाले.

“सकाळची गोळी घेतली का?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “ह्यो लय घाई करत व्हता.”

सुनंदाने पर्समधून आबांच्या गोळीची पट्टी काढली. (माझ्या पाकिटात त्या वेळी कॅन्टीनचं कार्ड होतं.) गोळी दिली, बोलायचं नाही म्हणून आबांना बजावलं आणि सिस्टरला म्हणाली, ताई, थोड्या वेळाने परत घ्याल का, दुसऱ्या हातावर. दोन्ही आकडे तिने कागदाच्या पाठीमागे वेळेसकट लिहिले. दुसरा आकडा बराच खाली आला होता. आणि दारात कॉलेजच्या प्राचार्या मॅडम उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या, कुणालाच माहीत नाही.

त्यांनी फॉर्म हातात घेतला. नाव वाचलं, फोटो पाहिला, आबांना पाहिलं.

“अर्ज कुणी भरला?”

सुनंदाला सहज माझं नाव सांगता आलं असतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा मीच म्हणालो, मी भरला.

“काय करता आपण?”

“क्वालिटी इन्स्पेक्टर.”

ती तरुण सिस्टर एकदम कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधायला लागली.

मॅडमनी सुनंदाला बसायला सांगितलं आणि हे सगळं कुठे शिकलीस म्हणून विचारलं. सुनंदाने सांगितलं की पाच वर्षं ट्रे धरून उभी आहे, बघून बघून येतं, पण बघून आलेलं चालत नाही, म्हणून शिकायचंय. एवढंच. मॅडम म्हणाल्या, बाकीचे कागद चोख आहेत, फोटोची दुरुस्ती मी माझ्या अधिकारात करून घेईन, पण चूक करणाऱ्याने ती लेखी कबूल करायची. घड्याळात एकला वीस मिनिटं होती.

मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं की मी माझ्या वडिलांच्या अर्जाला पत्नीचा फोटो लावला. कारकुनाने वाचून परत दिला, कारण हे एसटीचं ऑफिस नव्हतं. दुसऱ्या कागदावर मजकूर बरोबर होता, पण सही मी अर्जदाराच्या जागी केली. तेव्हा कारकून म्हणाला, साहेब, ऍडमिशन तुम्हालाच हवीय का? तिसरा कागद सुनंदाने सांगितला आणि मी लिहिला, शाळेतल्या श्रुतलेखनासारखा, स्वल्पविरामासकट. एकला पाच मिनिटं असताना शिक्का बसला.

बाहेर आल्यावर सुनंदा पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मला वाटलं आता माझा नंबर. पण ती हसत होती. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोरी, तू शीक. माजी शीट तुलाच दिली.”

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिने नव्या मुलींसाठीचं कॉलेजचं माहितीपत्रक घरी आणलं आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवलं. त्यात एक नवीन नियम ठळक अक्षरांत होता. ‘अर्जावर अर्जदाराचाच फोटो असावा. पती, वडील किंवा सासरे यांचा फोटो स्वीकारला जाणार नाही.’

मला भरून आलं. आपल्यामुळे कुठेतरी एखादा नियम व्हावा, हे किती जणांच्या नशिबी असतं! मी म्हणालो, खाली माझं नाव छापायला हवं होतं. सुनंदा म्हणाली, तुमचं नाव तिथे कुणालाच माहीत नाही, शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे तुम्हाला ‘सासरेवाले’ म्हणतात.